स्वतःची सुई, स्वतःच्या हाताने

मैत्रिणींनो, सुई म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे आधी शिवणाची सुई येते. गोधडीची जाड सुई, ब्लाउजला हुक लावायची बारीक सुई. या सुया आपण बेधडक वापरतो. बोटाला टोचली तर बोट तोंडात घालतो आणि पुढचा टाका घालतो. दवाखान्यातली सुई मात्र कायम दुसऱ्याच्या हातातली! तिच्याकडे बघायचंसुद्धा नाही, तोंड भिंतीकडे फिरवून डोळे घट्ट मिटायचे, हा आपला शिरस्ता. तर सांगायचं म्हणजे, २०२१ च्या दिवाळीनंतर ही दुसरी सुईही माझ्याच हातात आली आहे. महिन्यातून एकदा मी व्हिटॅमिन बी-१२ चं इंजेक्शन स्वतःच स्वतःला घेते. ऐकून कुणी ‘अगंबाई!’ म्हणतं, कुणी माझ्या हाताकडे बघतं, तर कुणी हळूच विचारतं, ‘दुखत नाही का हो?’ दुखतं थोडं. पण ते पुढे येईलच.

ही वेळ माझ्यावर का आली, ते आधी सांगते. कारण माझ्यासारखीच लक्षणं तुमच्यापैकी कुणाला, किंवा घरातल्या सासूबाईंना, आईला असू शकतील आणि ‘वयच झालं आता’ म्हणून ती बाजूला पडत असतील.

२०१८ साली मी अठ्ठावन्न वर्षांची होते. आमचं घर चिपळूणपासून आत, डोंगराच्या पायथ्याशी. घरात आम्ही दोघंच. मुलगी लग्न होऊन पुण्याला. त्या वर्षी पावसाळ्यापासून माझ्या तळपायांना मुंग्या येऊ लागल्या. मांडी घालून बसल्यावर येतात तशा, फक्त या जायच्या नाहीत. पुढे तर पायातली चप्पल निसटली तरी कळेना. चार पावलं पुढे गेल्यावर मागे वळून बघायचं तर चप्पल अंगणात एकटीच. जीभ लालभडक आणि गुळगुळीत झाली, साधी आमटीही झोंबायची. जिना चढताना धाप. आणि सगळ्यांत चमत्कारिक म्हणजे, मोरीत उभं राहून तोंडावर पाणी मारायला डोळे मिटले की माझा तोल जाई. डोळे उघडे असेतो सारं ठीक. मी आपली एका हाताने नळ धरून दुसऱ्या हाताने तोंड धुवायला शिकले. बायका अशी काहीतरी युक्ती काढतात आणि कामाला लागतात, नाही का?

जवळच्या एका डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी रक्त कमी आहे म्हणून टॉनिक दिलं, लोह आणि फॉलिक ॲसिडचं. जवळजवळ वर्षभर घेतलं. गंमत अशी की हिमोग्लोबिन थोडं वाढलं, चेहऱ्यावर तकाकी आली, शेजारणी म्हणाल्या, ‘आता बऱ्या दिसता.’ पाय मात्र आणखी बधिर होत चालले होते. शेवटी मुलगी हट्टाने पुण्याला घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरांनी माझ्या पायाच्या अंगठ्याला हात लावून ‘वर की खाली?’ असं डोळे मिटून ओळखायला लावलं. मला ओळखता येईना. मग रक्ताची तपासणी झाली. बी-१२ चं प्रमाण शहाण्णव आलं. दोनशेच्या खाली असलं तर साधारणपणे कमी धरतात, म्हणजे माझं निम्म्यावर!

टॉनिकाने रक्त सुधारलं आणि पाय बिघडले, असं का व्हावं? डॉक्टरांनी समजावलं ते अगदी ध्यानात ठेवण्याजोगं आहे. फॉलिक ॲसिड आणि बी-१२ ही दोन्ही जीवनसत्त्वं रक्तपेशी घडवायच्या कामात जोडीने असतात. बी-१२ कमी असताना नुसतं फॉलिक ॲसिड भरपूर दिलं, तर रक्ताचं काम कसंबसं निभावतं. पण मज्जातंतूंवर जे वेष्टण असतं, ते राखायला बी-१२ च लागतं. तिथे फॉलिक ॲसिडचा उपयोग नाही. म्हणजे वरून घराला रंग लागतो आणि आतून वाळवी चालूच राहते. आणि मज्जातंतूंचं नुकसान फार दिवस चाललं तर ते पूर्ण भरून येईलच असं नाही. माझ्या डाव्या पायाच्या दोन बोटांत अजूनही जान नाही. ती तशीच राहणार, हे मी मान्य केलं आहे.

या फॉलिक ॲसिडची जन्मकथा आपल्या मुंबईशी जोडलेली आहे, ते मला नंतर वाचनात आलं. ल्यूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरीणबाई १९२८ साली भारतात आल्या. मुंबईत गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब बायकांना बाळंतपणात एक जबरदस्त पंडुरोग होई, त्याचं कारण त्यांना शोधायचं होतं. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी काम केलं. या बायका काय खातात, काय खात नाहीत, ते बघितलं; तसंच निकस अन्न माकडांना देऊन त्यांनाही तो आजार होतो हे पाहिलं; आणि यीस्टच्या अर्काने, म्हणजे ब्रेडला लावायच्या मार्माइट नावाच्या साध्या स्वस्त पदार्थाने, तो बरा होतो हे १९३१ साली प्रसिद्ध केलं. त्या अर्कातला गुणकारी घटक म्हणजेच पुढे ओळखलं गेलेलं फॉलेट. गिरणगावातल्या त्या बायकांची नावंही आज कुणाला ठाऊक नाहीत. पण जगभरच्या गरोदर बायका आज फॉलिक ॲसिडची जी गोळी घेतात, तिच्या मुळाशी त्यांचं रक्त आहे. मला हे वाचून कितीतरी वेळ पुस्तक मिटूनच बसावंसं वाटलं.

बी-१२ ची कथा निराळी. माझ्यासारखा आजार शंभर वर्षांपूर्वी झाला असता तर मी वाचलेच नसते. १९२६ साली मायनट आणि मर्फी या अमेरिकन डॉक्टरांनी दाखवलं, की या रुग्णांना रोज भरपूर कलेजी खायला घातली तर ते जगतात. या शोधाबद्दल त्यांना व्हिपल यांच्याबरोबर १९३४ चं नोबेल पारितोषिक मिळालं. रोज पाव किलो कलेजी, तीही अर्धीकच्ची! आमच्या घरात हे जमलं असतं का, विचार करा. कलेजीतलं ते नेमकं द्रव्य १९४८ साली वेगळं काढता आलं. लाल रंगाचे स्फटिक होते ते. त्याची आतली रचना डोरोथी हॉजकिन या बाईंनी क्ष-किरणांनी उलगडली आणि १९६४ साली त्यांना नोबेल मिळालं. त्या रचनेच्या मधोमध कोबाल्ट धातूचा एक अणू बसलेला असतो. म्हणून तर नाव कोबालामिन, आणि माझ्या अँप्यूलमधलं औषध कोकमाच्या सरबतासारखं लाल.

आता तुम्ही विचाराल, गोळ्या नाहीत का? आहेत, आणि पुष्कळांना त्या पुरतातही. हे नीट ऐका, कारण उगीच कुणी सुईच्या मागे लागू नये. बी-१२ कमी होण्याची कारणं दोन तऱ्हेची. एक, पोटात जातच नाही. हे जीवनसत्त्व भाजीपाल्यात, डाळीत, धान्यात नसतं. दूध, दही, अंडी, मासे, मटण यांत असतं. आपल्याकडच्या शाकाहारी बायका, त्यातही दूध मुलांना आणि दही पुरुषांना वाढून स्वतः आमटीभातावर उठणाऱ्या, इथे हमखास सापडतात. त्यांना गोळीने आणि आहाराने पुष्कळदा भागतं. दुसरं कारण, पोटात जातं पण अंगी लागत नाही. मधुमेहाची मेटफॉर्मिन नावाची गोळी किंवा ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्यांना हे होऊ शकतं. त्यांनी दर वर्षी-दोन वर्षांनी डॉक्टरांना विचारून तपासून घ्यावं. माझं कारण आणखी वेगळं निघालं. जठराच्या आवरणातून एक मदतनीस द्रव्य पाझरत असतं, ते बी-१२ चं बोट धरून त्याला आतड्यातून रक्तात नेतं. माझ्या शरीराने आपल्याच त्या मदतनिसाशी वैर धरलं आहे. आता मी रोज पातेलंभर दूध प्यायले तरी माझ्या वाट्याला फारसं काही यायचं नाही. मोठ्या मात्रेच्या गोळीतून शंभरातला एखादा भाग या मदतनिसाशिवायही झिरपतो, आणि काही डॉक्टर तसाही उपचार करतात. पण माझ्या पायांपर्यंत मजल गेलेली, तेव्हा माझ्या डॉक्टरांनी इंजेक्शनच हवं म्हणून सांगितलं. सुरुवातीला दोन आठवडे एक दिवसाआड, मग आठवड्याला एक, आणि पुढे महिन्याला एक, एक हजार मायक्रोग्रॅमचं. ‘किती दिवस?’ मी विचारलं. ‘आयुष्यभर,’ ते म्हणाले. इतक्या सहज, की जणू चहात साखर किती ते सांगताहेत.

सुरुवातीची सगळी इंजेक्शनं दवाखान्यातच झाली, आणि ती तशीच व्हायला हवीत. क्वचित कुणाला या औषधाची ऍलर्जी असते, ती डॉक्टरांच्या समोर कळलेली बरी. जिभेची आग आठ दिवसांत थांबली. दोन महिन्यांनी मी नळ न धरता तोंड धुतलं. मग चिपळूणच्या दवाखान्यात महिन्याला जायचं असं ठरलं. आमचे हे स्कूटरवरून नेत. अर्धा दिवस जाई, पण येताना बाजार होई, बरं वाटे.

आणि मग २०२० चा मार्च. सगळं बंद. दवाखान्यात गर्दी नको, गावाबाहेर पडायचं नाही. एप्रिल आणि मे, दोन्ही इंजेक्शनं चुकली. एखाद-दुसरा आठवडा इकडचा तिकडे झाला तर काही बिघडत नाही, शरीरात साठा असतो, असं डॉक्टरांनी सांगितलेलं होतं. पण जूनच्या सुरुवातीला तळपायाला पुन्हा ती ओळखीची मुंगी आली, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. त्यातून कसेबसे सावरतोय तोच पुढच्या वर्षीचा २२ जुलै. चिपळूणचा पूर तुम्ही टीव्हीवर पाहिला असेल. वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, लोक छपरांवर जाऊन बसले. आम्ही उंचावर म्हणून वाचलो, पण रस्ता गेला, वीज गेली, फोन गेले. माझी तारीख होती २५ जुलै. माझा दवाखाना तर पाण्याखालीच गेला होता. औषधांचं कपाट, फ्रीज, तपासायचं टेबल, सारं चिखलात. ज्यांचं घर वाहून गेलं त्यांच्यापुढे माझ्या एका सुईचं ते काय, हे मलाही कळत होतं. पण रात्री अंथरुणावर पडलं की मनात येई, की आपली दोन पावलं कुणाच्या तरी मोटारीवर, कुणाच्या तरी वेळेवर आणि वाशिष्ठीच्या मर्जीवर किती दिवस ठेवायची?

मुलगी म्हणाली, ‘आई, तू पुण्यालाच ये राहायला.’ तिचं चुकीचं नव्हतं. पण महिन्यातल्या दोन मिनिटांच्या कामासाठी उरलेले एकोणतीस दिवस घर सोडायचं, हा हिशोब मला पटेना.

आमच्या वाडीत आरोग्य उपकेंद्रातून निवृत्त झालेल्या एक सिस्टर राहतात. त्यांनी दर महिन्याला येऊन टोचलं असतं, आनंदाने. मी विचारलंही तसंच. त्या म्हणाल्या, ‘काकू, मी देईन हो. पण उद्या मी नातवाकडे मुंबईला गेले तर? मधुमेहाची माणसं रोज घेतात स्वतः. तुम्ही का नाही शिकत?’ मी म्हटलं, ‘अहो, ती बारीकशी सुई असते. ही स्नायूत जायची.’ त्यावर म्हणाल्या, ‘सुई मोठी असली तरी काम तेच. तुम्ही कोळंबीचा धागा काढता ना?’

झालं. आधी डॉक्टरांची परवानगी आणि चिठ्ठी. त्यांनी माझ्या इतर औषधांची यादी पाहिली. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर स्नायूतलं इंजेक्शन घरी घेऊ नये, हे त्यांनी मुद्दाम सांगितलं. मग सिस्टरांची शाळा सुरू झाली आमच्या पडवीत.

पहिले चार दिवस मोसंबी. हो, मोसंबीच! सिरिंजमध्ये उकळून गार केलेलं पाणी भरायचं आणि मोसंब्यात टोचायचं. सालीचा जो किंचित विरोध असतो ना आणि मग एकदम आत जाणं, ते कातडीशी बरंच मिळतंजुळतं आहे म्हणे. आमचे हे येता-जाता म्हणत, ‘आज मोसंब्याची तब्येत कशी आहे?’ हे स्वतः सुई बघितली तरी पांढरे पडतात, म्हणून त्यांच्या थट्टेकडे मी लक्ष दिलं नाही.

माझ्या लहानपणचा कंपाउंडर आठवला मला त्या दिवसांत. काचेची सिरिंज, स्टीलच्या डब्यात स्टोव्हवर खदखदणारं पाणी, आणि चिमट्याने उचललेली ती सुई. तीच पुन्हापुन्हा उकळून सगळ्या गावाला. आता ते गेलं ते फार चांगलं झालं. आज सिरिंज आणि सुई एकदाच वापरायची आणि फेकायची. दुसऱ्यांदा वापरायची नाही, स्वतःसाठीसुद्धा नाही, मग उकळा नाहीतर काहीही करा.

अँप्यूल फोडणं हा मला सगळ्यांत अवघड भाग वाटला होता. काचेची ती इवलीशी कुपी, मान बारीक. आधी डोक्यावर टिचकी मारायची म्हणजे वरचं औषध खाली उतरतं. मानेवर एक ठिपका असतो, तो आपल्याकडे करायचा, मानेभोवती कापसाचा किंवा गॉझचा तुकडा गुंडाळायचा, ठिपक्यावर अंगठा ठेवून मान मागच्या बाजूला, आपल्यापासून दूर, मोडायची. कट्ट असा आवाज होतो. हे जमलं की शेंग मोडल्यासारखं वाटतं. औषध भरून घेतल्यावर सिस्टर मला सुई बदलायला लावत. भरताना काचेला लागून टोक बोथटतं, आणि काचेचा कण यायचा धोका असतो, म्हणून टोचायला नवी सुई. आमच्याकडे तेवीस नंबरची, निळ्या बुडाची, एक इंच लांबीची वापरतो. पण अंगाने फार बारीक किंवा फार स्थूल असलेल्यांना वेगळी लागते, तेव्हा माझ्या सुईवरून तुमची ठरवू नका.

जागा कुठली? दवाखान्यात कमरेखाली मागच्या बाजूला घ्यायची सवय असते, पण स्वतःच्या हाताने तिथे मुळीच जायचं नाही. तिथून पायाची मोठी शीर जाते, तिला धक्का लागला तर भलतंच व्हायचं. स्वतः घ्यायला मांडीची बाहेरची बाजू. खुब्याच्या हाडाखाली तळहाताच्या रुंदीएवढी जागा सोडायची, गुडघ्याच्या वर तळहाताच्या रुंदीएवढी जागा सोडायची. मधला जो बाहेरचा भाग उरतो तो आपला. खुर्चीवर बसायचं, पाय जमिनीला टेकलेला पण सैल. मांडी आवळून धरली की दुखतं. सैल सोडली की निम्मं दुखणं तिथेच जातं. हात साबणाने धुतलेले. स्पिरिटचा बोळा फिरवून तो भाग पूर्ण वाळू द्यायचा. ओल्यावर टोचलं की चरचरतं, आणि पुष्कळांना वाटतं की औषधच झोंबतं आहे.

मग सुई सरळ, अगदी नव्वद अंशांत. इथे भीत भीत, हळूहळू घालणारी हमखास जास्त दुखवून घेते. सुई झटक्यात, औषध सावकाश, असं सिस्टर म्हणायच्या. एक मिलीलिटरला मनातल्या मनात दहापर्यंत आकडे मोजायचे. दट्ट्या आधी किंचित मागे ओढून रक्त येतं का बघायची पद्धत आहे. लस देताना आता ती आवश्यक मानत नाहीत. औषधाच्या बाबतीत मात्र तुम्हाला शिकवणारी व्यक्ती सांगेल तसं करा. मग सुई सरळ बाहेर, कोरड्या कापसाने दाबायचं, चोळायचं नाही. एकदा उजवी मांडी, पुढच्या महिन्याला डावी.

हे सगळं पाठ होतं हो मला. तरीपण पहिल्या दिवशी मी सिरिंज हातात धरून वीस मिनिटं नुसती बसले होते. सिस्टर समोर बसल्या होत्या, काही म्हणजे काही बोलल्या नाहीत. विणकाम घेऊन आल्या होत्या, ते करत राहिल्या. ‘घाला की आता’ असं त्या म्हणाल्या असत्या तर मी सिरिंज त्यांच्या हातात दिली असती, हे त्यांना पक्कं ठाऊक असावं. परसात कोतवाल ओरडत होता. मनात काय काय येऊन गेलं! माणूस दुसऱ्याकडून दुखवून घेतो ते सोपं, स्वतःच्या अंगावर हात उगारायला मात्र आतून कुणीतरी धरून ठेवतं. आणि मग का कोण जाणे, मोरीतला तो नळ आठवला. एका हाताने नळ धरून तोंड धुणारी मी. मी श्वास सोडला आणि टोचलं. इतकं कमी दुखलं की मला वाटलं सुई गेलीच नाही! खाली बघितलं तर आत होती. दहा आकडे मोजताना माझा आवाज मोठ्याने निघत होता, तो सातव्या आकड्याला कळला.

सिस्टरांनी टाका पुरा केला आणि म्हणाल्या, ‘चहा टाका आता.’ पण पंधरा मिनिटं त्यांनी मला खुर्चीवरून उठू दिलं नाही. चहा ह्यांनीच टाकला. पुढचे तीन महिने त्या समोर येऊन बसत. चौथ्या महिन्यापासून मी एकटी.

दुसऱ्या दिवशी मांडी थोडी ठणकते, टेकडी चढून आल्यासारखी. तेवढं चालायचंच. पण जागा लाल होऊन सुजली, गरम लागली, ताप आला, तर डॉक्टरांकडे जायचं. अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास अडला तर एक क्षणही घरी थांबायचं नाही. म्हणून इंजेक्शनाच्या वेळी घरात कुणीतरी असावं, आणि ते दिवसाउजेडी घ्यावं. मी सकाळी दहाला घेते. अँप्यूलवर उजेड पडू नये म्हणून ती तिच्या खोक्यातच, कपाटात ठेवते. गॅसच्या शेजारच्या फळीवर औषधं ठेवायची आपल्याकडे एक वाईट खोड आहे, ती मोडा. तारीख कॅलेंडरवर लिहिलेली असते, शेजारी ‘उ’ किंवा ‘डा’. ते लिहायचं काम ह्यांचं. सुई बघवत नाही, पण अक्षर सुरेख आहे.

एक गोष्ट मात्र मी करत नाही, आणि त्यावरून वाडीत दोघीतिघी माझ्यावर रुसल्याही आहेत. मी दुसऱ्या कुणाला टोचत नाही. झालं असं, की मला जमतं हे कळल्यावर शेजारच्या एक वहिनी आल्या. ‘काकू, फार थकवा आहे बघा. मलाही टोचा ना ती लाल सुई. ताकदीची असते म्हणतात.’ आपल्याकडे सुईवर केवढी श्रद्धा! गोळी दिली तर डॉक्टर कच्चा, सुई दिली तर पक्का. थकवा आला की सलाईन, अंग दुखलं की इंजेक्शन. अहो, थकव्याला शंभर कारणं. बी-१२ कमी नसताना ते टोचून ताकद येत नाही. आणि सगळी जीवनसत्त्वाची इंजेक्शनं सारखी नसतात. काही मिश्र बी-कॉम्प्लेक्सच्या इंजेक्शनांत बी-१ असतं, त्याने क्वचित पण जिवावर बेतणारी ऍलर्जी होते. ड जीवनसत्त्वाची सहा लाख युनिटांची मोठी सुई लोक हौसेने पुन्हापुन्हा घेतात, त्याने रक्तात कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांवर येतं. लोहाची इंजेक्शनं तर दवाखान्याबाहेर कधीच नाहीत. घरी घेण्याजोगी म्हणून मी जी सांगते आहे ती एवढी एकच, तीही ज्यांचं निदान झालंय त्यांनी, डॉक्टरांच्या सांगण्याने.

वहिनी फुरंगटून गेल्या, पण रक्त तपासून आल्या. बी-१२ उत्तम होतं. मासे खाणारं घर. हिमोग्लोबिन आठ. महिन्याचा त्रास कित्येक महिने लांबत होता, ते कुणाला सांगितलं नव्हतं. आता त्याचे उपचार चालू आहेत आणि लोहाची गोळी त्या लिंबाच्या सरबताबरोबर घेतात. चहाबरोबर घेऊ नका म्हणून मी त्यांना बजावलं आहे, आणि माझ्यासमोर त्या घेत नाहीत.

राहिली वापरलेली सुई. टोचून झाल्यावर तिला टोपी पुन्हा घालायला जाऊ नका. बहुतेकदा बोटाला टोचतं ते तेव्हाच. आणि कृपा करून ती केरात टाकू नका. आपला केर कुणीतरी बाई हाताने निवडत असते, तिच्या बोटाचा विचार करा. मी जाड प्लास्टिकची, फिरकीच्या झाकणाची एक बरणी ठेवली आहे. सुई सिरिंजसकट सरळ तिच्यात, फुटलेली अँप्यूलही तिच्यातच. पाऊण भरली की झाकण चिकटपट्टीने बंद करायचं आणि दवाखान्यात नेऊन द्यायची. तिथल्या सुयांबरोबर ती जाते. तुमच्या दवाखान्यात आधी विचारून ठेवा, घेतात का ते. आमच्या बरणीवर ह्यांनी सुरेख अक्षरात लिहून ठेवलंय, ‘सुया. उघडू नये.’ आणि खाली, मी न सांगता, एक छोटंसं मोसंबं काढलंय.